चाकोरी पडलेल्या रस्त्यावर स्पोर्ट्स कारचं स्टिअरिंग का भटकतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वणीकडच्या एका तरुण ठेकेदाराने पुण्याहून वापरलेली दोन सीटची स्पोर्ट्स कार आणली. मागच्या चाकांवर चालणारी गाडी, पुढे २५५/३५ आर १९ आणि मागे २७५/३५ आर १९ टायर (पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत, शेवटचा रिमचा व्यास इंचांत). पुण्यात चालवून पाहिली तेव्हा कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. इकडे कोळशाच्या ट्रकांच्या रस्त्यावर ताशी ७०-८० ला स्टिअरिंग हातातून सुटू पाहतं, कधी डावीकडे, कधी उजवीकडे. "भाऊ, मी गाडी चालवून राह्यलो का गाडी मले, तेच समजत नाही," असं त्यांनी लिहिलंय. अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करून झालं, फरक पडला नाही. आता एका ठिकाणी स्टिअरिंग रॅकच (स्टिअरिंगचं फिरणं चाकांपर्यंत नेणारी यंत्रणा) बदलायला सांगितलंय आणि खर्च लाखाच्या पुढे जातोय. बदलावा का?

दादा, रॅकला आत्ता हात लावू नका. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांत सगळ्यात कामाचं वाक्य आहे ते "कधी डावीकडे, कधी उजवीकडे" हे. गाडीत दोष असेल तर ती बहुतेक वेळा एकाच बाजूला ओढते, आणि चांगल्या रस्त्यावरही ओढते. दोन्हीकडे हुंदडणारी आणि रस्ता गुळगुळीत झाला की शहाणी होणारी गाडी रस्त्यातल्या चाकोरीच्या मागे जात असते. रुंद टायर आणि ट्रकांनी दाबलेला रस्ता एकत्र आले की हे होणारच. पण ते किती व्हावं याला मर्यादा आहे. ती मर्यादा ओलांडली असेल तर खाली काहीतरी झिजलेलं आहे, आणि ते बहुधा रॅकपेक्षा फार स्वस्तात निघतं.

आधी रस्ता समजून घ्या, कारण निम्मं उत्तर तिथेच आहे. आपल्याकडे मे महिन्यात हवा ४५ अंशांवर गेली की डांबराचा पृष्ठभाग ६० च्याही वर तापतो. डांबर मऊ पडतं, आणि त्यावरून वणी, घुग्घुस, वरोरा पट्ट्यातले भरलेले ट्रक रांगेने, हळू, एकाच रेषेतून जातात. २०१८ पासून चार टायरच्या एका अ‍ॅक्सलवर ११.५ टन वजन कायदेशीर आहे, त्याआधी १०.२ टन होतं. एवढं वजन मऊ डांबर बाजूला ढकलतं. चाकांखाली नाली पडते आणि तिच्या काठाला डांबर वर येतं. त्यात खाली काळी माती. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि रस्त्याच्या कडेला समांतर लांबच लांब भेगा पडतात. खरडून ठेवलेला रस्ता आणखी वेगळा. नवा थर टाकण्याआधी मशीनने जुना थर सोलतात तेव्हा रस्त्याच्या लांबीने बारीक चरी राहतात आणि त्यावर भली भली गाडी वळवळते. काँक्रीटवर आडव्या रेघा असतील तर फक्त आवाज होतो. उभ्या रेघा असल्या की मात्र स्टिअरिंग कुरकुरायला लागतं.

आता माप बघा. ट्रकच्या मागच्या जोडचाकांच्या मधोमध मोजलं तर डाव्या-उजव्या चाकोरीतलं अंतर साधारण १.८ मीटर भरतं. तुमच्या गाडीच्या दोन पुढच्या चाकांतलं अंतर १.६ मीटरच्या आसपास. म्हणजे तुमची चाकं ट्रकच्या नालीच्या तळात कधीच एकाच वेळी बसत नाहीत. दोन्ही चाकं मधल्या उंचवट्याच्या उतारावर चालतात, डावं डावीकडे उतरलेलं, उजवं उजवीकडे. रस्ते बांधणारे अभियंते २० मिलिमीटर खोल चाकोरीला रस्ता निकामी झाल्याची खूण मानतात. समजा तेवढीच खोली ३५ सेंटिमीटरच्या उतारात उतरली आहे. तुमचा टायर २५ सेंटिमीटर रुंद, म्हणजे त्याच्या एका काठाखालचा रस्ता दुसऱ्या काठापेक्षा १४ मिलिमीटर वर. एका चाकावर ४०० किलो भार धरला तर त्या उतारावर नुसत्या वजनामुळे २० किलोच्या वर आडवा रेटा येतो. डावं चाक डावीकडे ढकललं जातं, उजवं उजवीकडे. गाडी बरोबर मधोमध असेपर्यंत दोघं एकमेकांना खोडतात. जरा इकडे-तिकडे सरकली की एक बाजू जिंकते, मग दुसरी. तुमच्या हाताला लागतं ते हेच.

मग बोलेरो किंवा जुनी अल्टो त्याच रस्त्यावरून निवांत कशी जाते, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं. बोलेरोच्या २१५/७५ आर १५ टायरची बाजूची भिंत १६१ मिलिमीटर उंच असते. तुमची २५५ च्या ३५ टक्के, म्हणजे ८९. रस्त्याचा तो १४ मिलिमीटरचा फरक बोलेरोचा टायर बाजूला फुगून गिळून टाकतो. तुमच्या भिंतीला वाकायला जागाच नाही. त्यामुळे उंच बाजूचा काठ जवळपास सगळा भार घेतो आणि दुसरा काठ नावाला टेकतो. अल्टोचा १४५ चा टायर तर इतका अरुंद की उतारावर त्याच्या दोन काठांत फरकच थोडा पडतो. बैलगाडीची लोखंडी धाव पांदणीच्या चाकोरीत पडली की तळाला बसते आणि निमूट चालते. तुमच्या टायरला तो तळ मिळत नाही, तो काठावरच झुंजत राहतो.

या काठावरच्या भाराने स्टिअरिंग कसं फिरतं, हे नीट समजलं तर पुढची सगळी दुरुस्ती समजते, म्हणून जरा वेळ देतो. पुढचं चाक वळतं ते एका तिरक्या अक्षाभोवती, सस्पेन्शनच्या वरच्या माउंटपासून खालच्या बॉल जॉइंटपर्यंत (गोळीवर फिरणारा सांधा) जाणाऱ्या रेषेभोवती. ती रेषा खाली लांबवली तर जमिनीला एका ठिकाणी टेकते. टायर जिथे जमिनीला टेकतो त्याचा मध्य आणि हा बिंदू यांत जे आडवं अंतर असतं त्याला स्क्रब रेडियस म्हणतात. कंपनी ते अगदी कमी ठेवते. पण हा हिशेब टायर सपाट टेकला तरच खरा. भार एका काठावर गेला की टेकण्याचा मध्य ७-८ सेंटिमीटर बाजूला सरकतो, आणि रस्त्याचं प्रत्येक ओढणं, ब्रेकचा प्रत्येक जोर आता तेवढ्या लांब दांडीने चाक फिरवायला बघतो. सपाट रस्त्यावर डाव्या-उजव्या चाकाची ही ओढ सारखी असते आणि टाय रॉडमधून (रॅकला चाकाशी जोडणारी दांडी) एकमेकांना मारून टाकते. चाकोरीत ती सारखी राहत नाही. उरलेली ओढ रॅकमधून थेट तुमच्या तळहातात येते. रॅक फक्त निरोप पोचवतो.

आणखी एक गोष्ट. ४०० किलो भार आणि ३३ पीएसआय हवा, म्हणजे सव्वादोन किलोच्या वर दर चौरस सेंटिमीटरला. ढोबळ हिशेबाने टायर जमिनीला पावणेदोनशे चौरस सेंटिमीटर टेकतो. रुंद टायरमध्ये हा ठसा २२ सेंटिमीटर रुंद आणि ८ लांब. अरुंद टायरमध्ये तोच १४ रुंद आणि १२ लांब. चाकाला आपोआप सरळ करणारी ताकद ठशाच्या लांबीतून येते, आणि बाजूला फिरवणारी दांडी त्याच्या रुंदीतून. तुमच्याकडे पहिली कमी, दुसरी जास्त. वळणावर जी पकड मिळते तिची ही किंमत आहे, आणि कोणत्याही गॅरेजमध्ये ती शून्यावर येणार नाही.

आता तपासणी. क्रम मोडू नका. तुमचं अलाइनमेंट वाया गेलं ते क्रम चुकल्यामुळे, असा माझा दाट संशय आहे.

सुरुवात हवेपासून. आपल्याकडे पंपावरचा पोरगा विचारतो "चाळीस भरू का?" आणि आपण हो म्हणतो. चाळीसवर त्या टायरची उरलीसुरली लवचिकता जाते, ठसा आणखी आखूड होतो. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलंय तेवढीच हवा, सकाळी गाडी थंड असताना, स्वतःच्या गेजने. दर ५-६ अंशांमागे साधारण १ पीएसआय वाढतो, म्हणजे पहाटे २८ अंशांवर भरलेले ३३ दुपारी नुसत्या उन्हाने ३६ दाखवतील, आणि चालल्यावर आणखी वर जातील. घाबरून ती काढू नका, ती वाढ धरूनच आकडा दिलेला असतो. पुढच्या दोन चाकांत २-३ पीएसआयचा फरक असला तरी गाडी एका बाजूला झुकते, तेही बघून घ्या.

मग टायर. बाजूच्या भिंतीवर चार आकडी अंक असतो; २३१९ असेल तर २०१९ च्या २३ व्या आठवड्यातला. पाच-सहा वर्षांचा, आपल्या उन्हात उभा राहिलेला टायर लाकडासारखा टणक होतो, नक्षी कितीही शिल्लक असो. वापरलेल्या गाडीत पुढचे दोन टायर वेगवेगळ्या कंपनीचे निघाले तरी नवल नाही. भिंतीवर रन-फ्लॅटची खूण असेल तर लक्षात घ्या की पंक्चर झाल्यावरही गाडी उचलून धरावी म्हणून ती भिंत मुद्दाम कडक केलेली असते. चाकोरीवर ओढण्यात तिचा मोठा वाटा असतो.

आणि आता हात लावून बघायचं काम. स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा, गाडी बंद करा, चाकाच्या मागून हात घालून तळवा टायरच्या आतल्या काठावर आडवा फिरवा. बाहेरून आत एकदा, आतून बाहेर एकदा. एका दिशेला हात गुळगुळीत जातो आणि दुसऱ्या दिशेला नक्षीच्या कडा करवतीच्या दातांसारख्या टोचतात का? टोचत असतील तर टो (वरून पाहता चाकांची पुढची बाजू किती आत किंवा बाहेर वळली आहे ते) बिघडलेला आहे, चाक सरळ न गडगडता घासत चाललंय. नुसता आतला काठ गुळगुळीत होऊन बाहेरचा नवा दिसत असेल तर कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा आत-बाहेर झुकाव) जास्त आत झुकलाय, बहुतेक कुणीतरी स्प्रिंग कापून किंवा बदलून गाडी खाली बसवली आहे. ही खूण अलाइनमेंटच्या छापील कागदापेक्षा खरी. कागद त्या मिनिटाचं सांगतो, टायर गेल्या काही हजार किलोमीटरचं.

मग गाडी उचला. चाकाला घड्याळातल्या ९ आणि ३ च्या जागी धरून हलवा. खटखट लागली तर टाय रॉड एंड किंवा रॅकच्या आतला जॉइंट. १२ आणि ६ ला धरून हलवा. खेळ असेल तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. हे सगळे करतात. जे बहुतेक जण करत नाहीत ते असं: लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) जिथे चेसीला बसतो तिथल्या मागच्या बुशमध्ये (रबर भरलेला सांधा) टॉमी (लोखंडी पहार) घालून हळू रेटा द्यायचा. उभ्या गाडीत ते बुश धडधाकट दिसतं. रेटा दिला की रबर आणि लोखंडी कवच यांच्यामध्ये अर्धचंद्राकृती चीर उघडते आणि आर्म बोटभर मागे जातो. काही गाड्यांत या बुशमध्ये द्रव भरलेला असतो. तो फुटला की आर्मवर तेलकट, धुळीने काळा पडलेला ओघळ दिसतो. आमच्या रस्त्यांवर चालणाऱ्या खालून बसक्या गाड्यांत मी सर्वात जास्त बदलतो ते हेच बुश. ते फाटलेलं असेल तर अलाइनमेंटच्या मशीनवर उभ्या गाडीचा आकडा बरोबर येतो, आणि रस्त्यावर चाक खड्ड्यात किंवा ब्रेकखाली मागे सरकलं की टो बदलतो. दर वेळी वेगळा. कितीही वेळा अलाइनमेंट करा, पैसे पाण्यात.

चाकामागे स्पेसर आहेत का तेही बघा. चाक बाहेर काढून गाडी रुंद दिसावी म्हणून २० मिलिमीटरची चकती घालतात. स्क्रब रेडियसचं वर सांगितलं ना, ती चकती नेमकी तेवढ्याने चाकाचा मध्य बाहेर नेते. कमी ऑफसेटची (रिमचा मध्य आणि रिम हबला टेकते ती जागा यांतलं अंतर, रिमवर ईटी म्हणून लिहिलेलं) बाहेरची रिम घातली तरी तेच. कंपनीच्या रिमवर ईटी ४५ लिहिलेलं असेल आणि तुमच्या रिमवर ईटी ३० असेल तर चाक १५ मिलिमीटर बाहेर आहे. स्पेसर असतील तर काढून टाका, यात दुसरं मत नाही.

हे सगळं झाल्यावर अलाइनमेंट, आणि तेही चारही चाकांचं. आपल्या तालुक्याच्या गावात बहुतेक ठिकाणी पुढचाच टो बघतात. मागचा टो जरा बाहेर गेला असेल तर गाडीचा मागचा भाग स्वतःहून वळायला बघतो आणि तुम्ही पुढे दुरुस्त करत राहता. मशीन कुठे आहे ते शोधा, त्यासाठी चंद्रपूर-नागपूरला जावं लागलं तरी जा. पुढच्या टोसाठी कंपनीने दिलेल्या मर्यादेतला आतल्या बाजूचा आकडा मागा. स्पोर्ट्स कारवाल्यांना वळणावर झटकन नाक वळावं म्हणून शून्य किंवा बाहेरचा टो आवडतो. ट्रॅकवर तो ठीक, आपल्या रस्त्यावर तो चाकोरी शोधत फिरतो. कॅम्बर मर्यादेतल्या कमीत कमी झुकावावर, कॅस्टर (चाक वळण्याच्या त्या अक्षाचा पुढे-मागे कल) दोन्ही बाजूंना सारखा. आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही कागद मागून घ्या.

रॅक कधी संशयित? सरळ रस्त्यावर स्टिअरिंग मधोमध असताना दोन्हीकडे मोकळं हललं, वळवताना मध्येच अडकलं, किंवा रबरी बूटमधून तेल गळत असेल तेव्हा. तुम्ही यातलं एकही लिहिलेलं नाही. गाडीत स्पोर्ट मोड असेल तर खराब रस्त्यावर तो बंद ठेवा. त्यात स्टिअरिंगची मदत कमी केलेली असते, तीच ओढ हाताला दुप्पट वाटते. लेन सांभाळणारी यंत्रणा असेल तर तपासणीपुरती तीही बंद करा, नाहीतर कोण ओढतंय ते कळणार नाही.

चालवताना एवढं सांभाळा. दोन्ही हात ९ आणि ३ वर, पण मूठ आवळू नका. प्रत्येक झटक्याला उलटा झटका दिला की गाडी जास्त डोलते. लेनच्या आत फूट-दीड फूट सरकून बघा, उंचवट्याच्या माथ्यावर किंवा चाकोरीच्या बाहेर एखादी सपाट पट्टी सापडते. चाकोरी ओलांडायची असेल तर रेंगाळत तिरकं जाऊ नका, वेग कमी करून ठळक कोनात ओलांडा. पावसाळ्यात चाकोरीत पाणी साचतं आणि रुंद टायर त्यावर तरंगतो. ताशी ८० च्या पुढे तो धोका घेऊ नका, आणि नक्षी १.६ मिलिमीटरच्या खुणेला टेकायची वाट तर अजिबात बघू नका.

साइडपट्टीबद्दल वेगळं सांगतो, कारण यात माणसं जातात. काळी माती धुपून डांबराची कड चार-सहा इंच उघडी पडलेली असते. समोरून ट्रक आला, डावी चाकं खाली उतरली, तर लगेच वर ओढू नका. तुमच्या टायरची कडक भिंत त्या कडेला घासत राहते, चढत नाही. तुम्ही आणखी वळवता आणि ती एकदम चढते तेव्हा स्टिअरिंग अख्खं वळलेलं असतं. गाडी थेट समोरच्या लेनमध्ये. हात सरळ ठेवा, ब्रेक न आपटता वेग ३०-४० वर येऊ द्या, मागे-पुढे बघा, मग ठळक कोनात चढा.

हे सगळं करून गाडी सुधारली पण मनासारखी झाली नाही, तर खर्च करायची जागा रॅक नव्हे, रिम आणि टायर आहे. पुढे १८ इंची रिमवर २२५/४५ आर १८ घातला तर त्याचा व्यास ६६० मिलिमीटर येतो. तुमच्या २५५/३५ आर १९ चा ६६१ आहे. स्पीडोमीटर हलत नाही, भिंत ८९ वरून १०१ वर जाते आणि टायर ३ सेंटिमीटर अरुंद होतो. मागे २५५/४० आर १८ बसतो. तो सध्याच्या मागच्या टायरपेक्षा दोन टक्के लहान. दाराच्या स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तकात कंपनीने हीच जोडी मंजूर केलेली आहे का ते आधी बघा. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) कमी नको, ऑफसेट कंपनीचाच हवा, आणि विकत घेण्याआधी एक रिम चढवून ब्रेकच्या कॅलिपरला घासत नाही ना ते हाताने फिरवून बघा. टायर साधे ट्यूबलेस घ्या, रन-फ्लॅट नको. गाडीत स्टेपनी नसणार, म्हणून पंक्चर किट आणि छोटा कंप्रेसर डिकीत ठेवा. वणी ते पांढरकवडा रात्री पंक्चरवाला उघडा सापडत नाही. तुमच्या सध्याच्या १९ इंची रिम विकू नका, पुण्या-मुंबईकडे लांब जायचं असेल तेव्हा त्या चढवता येतील. आधी मात्र त्या लोअर आर्मच्या बुशमध्ये टॉमी घालून बघा आणि चीर उघडली का ते मला कळवा.